बॉस्टन : मीठ, मळी आणि बर्फ

बॉस्टनला जायचं तर ऑक्टोबरमध्ये, झाडं लाल-पिवळी झाली की जा, नाहीतर सरळ जूनमध्ये, असं ज्याला विचारावं तो सांगतो. जानेवारीत जातोय म्हटल्यावर लोक जरा काळजीनेच बघतात. आम्ही दोघं जानेवारीत गेलो त्याला कारणं दोनच, हॉटेल स्वस्त होतं आणि नवऱ्याची रजा तेव्हाच उरली होती. इतिहासप्रेम वगैरे काही नाही. पण दिवसभर भटकून आणि (मुख्य म्हणजे) खाऊन झाल्यावर माझं मत असं झालंय की हे शहर थंडीतच बघावं. त्याचा इतिहास घडलाच मुळी थंडीत. चहा बंदरात फेकला तो डिसेंबरात. मळीचा पूर आला तो जानेवारीत. आणि ज्या एका धंद्याने बॉस्टनचं नाव पार मुंबई-कलकत्त्यापर्यंत पोचवलं, त्या धंद्याचा तर मालच थंडी हा होता.

बॉस्टनमध्ये 'फ्रीडम ट्रेल' नावाची एक लाल विटांची रेघ आहे. रस्त्यांवरून, फुटपाथवरून सुमारे चार किलोमीटर जाते, तिच्यामागून चालत राहायचं की एकामागून एक सोळा ऐतिहासिक स्थळं येतात. १९५१ सालापासून लोक असे चालताहेत. आदल्या रात्री चांगला सहा इंच बर्फ पडला होता, त्यामुळे आमची रेघ पहिल्या दहा मिनिटांतच गायब झाली! मग नकाशा खिशात घातला आणि ठरवलं की जिथे भूक लागेल तिथे खायचं आणि जे खाऊ त्याची चौकशी करायची. स्वातंत्र्याची गोष्ट पाठ्यपुस्तकात वाचलेली असतेच. ताटातली गोष्ट जरा वेगळी निघाली.

सुरुवात माशापासून. बीकन हिल नावाच्या टेकाडावर मॅसॅच्युसेट्सचं विधिमंडळ आहे, १७९८ मध्ये उघडलेलं, सोनेरी घुमटाचं. कामाच्या दिवशी आत फुकट जाता येतं, आणि बाहेर उणे आठ असताना फुकट ऊब मिळत असेल तर लोकशाही फारच आवडायला लागते. तिथल्या प्रतिनिधी सभागृहात, प्रेक्षकांच्या सज्जासमोर, छताला एक लाकडी मासा टांगलाय. जवळजवळ पाच फुटी. त्याचं नाव 'सेक्रेड कॉड', म्हणजे पवित्र कॉड. १७८४ मध्ये जॉन रो नावाच्या एका व्यापारी सभासदाने ठराव मांडला की या मुलखाची भरभराट ज्याच्यावर झाली त्याची आठवण सभागृहात असावी, आणि त्यानुसार तो टांगला गेला. १९३३ मध्ये हार्वर्डच्या विनोदी मासिकाच्या पोरांनी तो पळवला होता. दोन दिवस कामकाजापेक्षा मासा कुठे गेला याचीच चर्चा. शेवटी तो परत मिळाला आणि आधीपेक्षा उंच टांगला गेला.

नवरा मालवणचा. त्याने खालून बघून लगेच निकाल दिला, "मासा बरा आहे, पण याला चव नसते गं. भाकरीसारखा आहे, ज्याच्याबरोबर खाल त्याची चव." मला हे वाक्य दिवसभर आठवत राहिलं. कॉडचं सगळं वैशिष्ट्य हेच आहे. त्यात चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे मीठ लावून वाळवला की दगडासारखा टणक होतो आणि कित्येक महिने टिकतो. बांगड्यासारखा तेलकट मासा खारवला तरी त्याला लवकर खवट वास येतो. (खाऱ्या बांगड्याचा तो वासच आवडणारी मंडळी आमच्या सासरी आहेत, त्यांनी राग मानू नये.) फ्रिज नसलेल्या जगात न सडणारं प्रोटीन म्हणजे सोनंच. न्यू इंग्लंडच्या दगडाळ जमिनीत फारसं पिकत नव्हतं. समुद्रात मात्र कॉड अमाप होता.

तर हा वाळवलेला कॉड प्रतवारी करून विकला जाई. उत्तम प्रत स्पेन-पोर्तुगालकडे, कारण कॅथलिकांना शुक्रवारी आणि उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही, मासे चालतात. आणि जो मोडलेला, नीट न वाळलेला, मीठ कमी-जास्त झालेला असेल तो कॅरिबियन बेटांवर. तिथे उसाचे मळे होते, मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, आणि मळेवाल्यांना जमिनीचा एक तुकडासुद्धा अन्न पिकवण्यात घालवायचा नव्हता. बॉस्टनचा टाकाऊ मासा हे त्या गुलामांचं अन्न. या मालाला बाजारात नावच 'जमैका फिश' असं होतं. जमैकाचं राष्ट्रीय खाद्य आजही खारा मासा आणि अकी हे फळ आहे, ते यातूनच आलेलं. बदल्यात बेटांवरून बॉस्टनला काय यायचं, तर मळी. साखर काढून घेतल्यावर उरते ती. बॉस्टनमध्ये तिची रम व्हायची आणि त्यातली काही रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला जायची.

हे मला आधी ढोबळ माहीत होतं. पण तो छताला टांगलेला मासा बघताना ते 'पवित्र' शब्दासकट डोक्यात बसलं. १६३८ च्या फेब्रुवारीत 'डिझायर' नावाचं जहाज बॉस्टनला आलं, त्यातल्या मालात कापूस, तंबाखू, मीठ आणि माणसं होती. वसाहत स्थापून तेव्हा पुरती आठ वर्षंही झाली नव्हती.

टेकाडावरून घसरत घसरत (शब्दशः) खाली आलो की फॅनेल हॉल. विटांची देखणी इमारत, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी नाकतोडा. खाली बाजार, वर सभागृह. इंग्रजांच्या करांविरुद्ध इथे सभा झाल्या, म्हणून याला 'स्वातंत्र्याचा पाळणा' म्हणतात. पुढे गुलामगिरीविरोधी सभाही इथेच झाल्या, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस इथे बोलले. इमारत १७४२ मध्ये गावाला बांधून दिली ती पीटर फॅनेल या व्यापाऱ्याने. त्याचा धंदा मासे, मळी, रम, कापड आणि माणसं. त्याच्या भागीदारीतल्या एका जहाजाचं नाव होतं 'जॉली बॅचलर', कारण शेटजी अविवाहित होते. (काकाची इस्टेट अविवाहित राहण्याच्या अटीवर मिळाली होती म्हणतात.) ते जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम आणायला गेलेलं होतं. शेटजी त्यातली कमाई बघायला राहिले नाहीत, १७४३ च्या मार्चमध्ये वारले.

हॉलचं नाव बदला अशी मागणी गेली काही वर्षं होतेय. शहराच्या कौन्सिलने २०२३ मध्ये त्या बाजूने ठरावही केला, पण तो बंधनकारक नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, नाव ठेवा आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा पैसा कुठून आला ते. माझं मत तेव्हा असंच काहीसं होतं. पण ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा त्या जहाजांतून आले त्यांना रोज त्या पाटीखालून भाजी आणायला जाताना काय वाटत असेल, हे आपण कसं ठरवणार. असो. यावर पुढे परत येते, कारण मुंबईचाही याच्याशी संबंध आहे.

आता जेवण. फॅनेल हॉलच्या मागेच युनियन ऑयस्टर हाऊस आहे, १८२६ पासून चालू असलेलं. इमारत त्याहून बरीच जुनी. वरच्या मजल्यावर १७९६ च्या सुमाराला फ्रान्सचा भावी राजा लुई-फिलिप राहायचा आणि फ्रेंचच्या शिकवण्या करायचा! क्रांतीमुळे देशोधडीला लागलेला. मला का कोण जाणे, ट्यूशन घेणारा राजा फार आवडला. खाली दारातच अर्धवर्तुळाकार लाकडी बार आहे, तिथे उभं राहून कालवं खायची. कालवं शिंपल्यातून कच्चीच देतात, वर लिंबू पिळून. नवऱ्याने सहा खाल्ली आणि देवबागच्या खाडीतल्या कालवांपुढे ही किती डावी हे मला सहाही वेळा सांगितलं, पण एक सोडलं नाही.

मी क्लॅम चावडर घेतलं. सोप्या मराठीत तिसऱ्यांचं दुधातलं सार, बटाटा घालून दाट केलेलं. खारवलेलं डुकराचं मांसही थोडं असतं त्यात, हे शाकाहारीच नव्हे तर 'आम्ही फक्त मासे खातो' म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. (काकू, तुमच्यासाठी!) जहाजावर जे टिकतं तेच सगळं यात आहे. खारं मांस, बटाटा, कडक बिस्किटं आणि किनाऱ्यावर फुकट मिळणाऱ्या तिसऱ्या. न्यूयॉर्कवाले यात टोमॅटो घालतात आणि त्यावरून इकडे इतका संताप आहे की १९३९ मध्ये शेजारच्या मेन राज्यात चावडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदीचं विधेयक आणलं गेलं होतं. आमटीत गूळ घालावा की नाही यावर विधानसभेत विधेयक आलं तर कसं होईल, तसं.

आणि बॉस्टनचे भाजलेले दाणे, बेक्ड बीन्स. पांढऱ्या घेवड्याचे बारके दाणे, मोहरीची पूड, डुकराचं मांस आणि मळी घालून मातीच्या भांड्यात मंद आचेवर सात-आठ तास शिजवलेले. ही खास सनातनी पाककृती आहे. प्युरिटन लोकांचा शब्बाथ शनिवारी सूर्यास्तापासून सुरू व्हायचा, मग रविवार संपेपर्यंत चूल पेटवायची नाही. म्हणून शनिवारी भांडं भट्टीत ढकलायचं आणि तेच दोन दिवस खायचं. चव गोडसर, थोडी कडवट, आपल्या काकवीची आठवण होते पण काकवीपेक्षा उग्र. काकवी म्हणजे सगळा रस आटवलेला, मळी म्हणजे साखर निघून गेल्यावरचा गाळसाळ. आपल्याकडे साखर कारखान्याच्या मागून गाडी गेली की वास येतो ना, तीच. आपण ती दारूभट्टीला आणि गुरांना देतो, इथे त्यांनी जेवणात घातली. देवाच्या दिवशी चूल न पेटवणाऱ्या धर्मभीरू लोकांच्या त्या भांड्यातला गोडवा गुलामांच्या मळ्यावरून आलेला होता. भांडं मात्र मी चाटूनपुसून संपवलं, तेही सांगायला हवं. हे दाणे खाण्याची प्रसिद्ध जागा डर्गिन-पार्क होती, १८२७ पासूनची. ती २०१९ मध्ये बंद पडली, तेही जानेवारीतच.

मळीवर इंग्रज सरकारने १७३३ मध्ये कर बसवला, तो चुकवण्यात सगळं बॉस्टन पटाईत झालं. १७६४ मध्ये कर कमी केला पण वसुली कडक केली, आणि खरी ठिणगी तिथे पडली. पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने म्हातारपणी एका पत्रात कबूल केलं की आमच्या स्वातंत्र्यात मळीचा वाटा मोठा होता, हे म्हणायला लाजायचं कशाला. मला ही कबुली फार प्रामाणिक वाटते. चहाची गोष्ट जास्त नाट्यमय म्हणून पुस्तकात चहा आला, मळी मागे राहिली.

चहाकडे जायला खाडीवरच्या पुलावर जावं लागतं. तिथे जुन्या बनावटीची जहाजं बांधून त्यांचं संग्रहालय केलंय. मूळ धक्का शोधू नका, तो आता जमिनीत आहे. बॉस्टनचा निम्माशिम्मा किनारा भराव घालून बनवलेला आहे, आपल्या मुंबईसारखाच. एकेकाळी पाण्याला लागून असलेली कस्टम हाऊसची इमारत आता चांगली आत, रस्त्यांच्या गर्दीत उभी आहे.

१६ डिसेंबर १७७३ च्या संध्याकाळी तीन जहाजांवरून ३४२ पेट्या चहा पाण्यात टाकला. ओहोटी होती, त्यामुळे चहा वाहून न जाता ढीग साचले, आणि काही जणांना ते पायांनी आणि वल्ह्यांनी ढकलावे लागले. त्यातल्या 'एलिनॉर' या जहाजाचा मालक कोण, तर जॉन रो. लाकडी मासा टांगायला लावणारा तोच. गाव लहान होतं आणि पैसेवाले मोजकेच.

संग्रहालयात तेव्हा बुडवलेल्या चहाचे पाच प्रकार चाखायला देतात, आणि आम्हाला दोघांनाही वाटत होतं की निदान एक तरी आसामचा असेल. पाचही चिनी! आसामात चहाची लागवड १८३० च्या दशकातली, म्हणजे साठ वर्षांनंतरची. चव विचाराल तर धुरकट, पातळ आणि दुधाविना. नवऱ्याने दूध मागितलं, ते मिळालं, पण त्या बाईंनी असं पाहिलं की जणू आम्ही जॉर्ज राजाचे हेर आहोत :-)

चहा चिनी असला तरी गोष्टीत हिंदुस्थान आहेच, आणि ते कुठल्याच पाटीवर मोठ्या अक्षरात नाही. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. कंपनी १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या कडेला आली होती. बंगालची दिवाणी मिळाल्यावर तिने तिथे वसुलीचा जो चरक लावला, त्यात १७६९-७० चा भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, आणि तिकडे लंडनच्या गोदामांत कोट्यवधी पौंड चहा न विकता पडून होता. कंपनी बुडू नये म्हणून पार्लमेंटने १७७३ मध्ये तिला अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा दिली. चहा उलट स्वस्त होणार होता! ज्यांचा चोरटा डच चहाचा धंदा होता त्यांच्या पोटावर पाय आला, आणि इतरांना भीती वाटली की आज चहा, उद्या सगळंच. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने त्या नोव्हेंबरात टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की या कंपनीने बंगालमध्ये माणसं उपाशी मारली, आता ती आपल्याकडे वळली आहे. म्हणजे बॉस्टनच्या त्या रात्रीमागे बंगालच्या दुष्काळाची बातमीही होती. आणि त्याच १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तिथून राघोबादादा मुंबईच्या इंग्रजांच्या दारी गेले ते १७७५ मध्ये सुरतेच्या तहापर्यंत. इकडे लोक कंपनीला दारातून हाकलत होते, तिकडे आपण दार उघडून देत होतो. शाळेत ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या इयत्तांत असल्यामुळे मला ती एकाच वर्षातली आहेत हे तिथे, कागदी पेल्यातला तो धुरकट चहा पिताना, पहिल्यांदा लक्षात आलं.

तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला नॉर्थ एन्डपर्यंत चालत गेलो. वारा असा की बोलायला तोंड उघडलं तर दात दुखतात. साडेचारलाच सूर्य मावळतीला. नॉर्थ एन्ड म्हणजे इटालियन लोकांची जुनी वस्ती, आणि तिथे पाण्याकाठच्या मैदानाजवळ एक छोटी हिरवी पाटी आहे. शोधावी लागते. १५ जानेवारी १९१९. इथे पन्नास फूट उंच आणि नव्वद फूट व्यासाची लोखंडी टाकी होती, तिच्यात २३ लाख गॅलन मळी. आता रमसाठी नव्हे, औद्योगिक अल्कोहोलसाठी, ज्याचा महायुद्धात दारूगोळ्याला उपयोग होत होता. टाकी घाईत बांधलेली, पहिल्यापासून गळायची. आसपासची पोरं डबडी घेऊन गळणारी मळी भरून न्यायची. कंपनीने यावर उपाय काय केला, तर टाकीला तपकिरी रंग दिला, गळती दिसू नये म्हणून.

त्या दिवशी दुपारी टाकी फुटली. पंचवीस फुटांची लाट, ताशी पस्तीस मैलांचा वेग. घरं पायातून उखडली, उन्नत रेल्वेचे खांब वाकले, २१ माणसं गेली, दीडशे जखमी. घोडे किती गेले त्याची गणती नाही. मळी हळू असते असं आपण म्हणतो, पण इतक्या वजनाची मळी हळू नसते. वाईट भाग त्यानंतरचा. थंडीने ती घट्ट होत गेली, आणि अडकलेल्यांना ओढून काढणं दर तासाला अवघड होत गेलं. रस्ते धुवायला समुद्राचं खारं पाणी फवारावं लागलं. कंपनी म्हणाली, अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. वस्ती गरीब इटालियनांची, त्यातल्या अनेकांना मतदानाचा हक्कही नाही, त्यामुळे हे खपेल असं वाटलं असणार. पण खटला चालला, सहा वर्षं, आणि १९२५ मध्ये ठरलं की टाकीच कमकुवत होती. कंपनीला सहा लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. फॅनेल हॉलसमोर गर्दी होती. या पाटीसमोर आम्ही दोघं आणि कुत्रं फिरवणारे एक आजोबा.

मग हॅनोव्हर स्ट्रीटवर शिरलो. कनोली खाल्ली, म्हणजे कुरकुरीत नळीत भरलेलं गोड चीज, आपल्या करंजीची इटलीतली मावसबहीण. आणि पुढे एका आइस्क्रीमच्या दुकानासमोर चक्क रांग! उणे दहामध्ये लोक कोन चाटत होते. नवरा म्हणाला, "वेडे आहेत." आणि रांगेत उभा राहिला.

मला त्या रांगेत फ्रेडरिक ट्यूडर आठवला. जन्म १७८३, चांगल्या घरचा मुलगा. १८०६ च्या फेब्रुवारीत त्याने तळ्यावरचा १३० टन बर्फ जहाजात भरून कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाला पाठवला. गावाने टिंगल केली, वर्तमानपत्रानेही घसरड्या धंद्यावरून कोटी करून घेतली. तिथे पोचल्यावर कळलं की बर्फ आहे पण ठेवायला जागा नाही, आणि लोकांना त्याचं काय करायचं ते माहीत नाही. त्याने आइस्क्रीम करवून दाखवलं. तरी बर्फ वितळला, हजारो डॉलर बुडाले. कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला. पण हटला नाही. लाकडाच्या वखारीत फुकट मिळणारा भुसा बर्फाभोवती ठासून भरला की तो टिकतो, हे त्याने पक्कं केलं. नॅथॅनियल वायेथने घोड्याने ओढायचा, तळ्यावर नांगरासारखा चालणारा बर्फकापू बनवला, त्यामुळे सारख्या मापाच्या लाद्या निघू लागल्या. एकाला एक चिकटून बसतात, कमी वितळतात. बॉस्टनहून बाहेर जाणाऱ्या जहाजांना तसाही पुरेसा जड माल मिळत नसे, तोल राखायला दगड भरून जावं लागे. दगडाऐवजी बर्फ. भाडं अगदी स्वस्त.

१८३३ च्या मेमध्ये 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून. सप्टेंबरात पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. साहेब लोक आनंदाने वेडे झाले, गव्हर्नर जनरल बेंटिंकने ट्यूडरच्या माणसाला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला भेट दिला. त्याआधी हुगळीच्या बाजूला थंडीच्या रात्री उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी ठेवून थोडा बर्फ धरत असत, पण तो गढूळ आणि महाग.

मुंबईला बर्फ आला १८३४ मध्ये. जमशेटजी जीजीभाईंनी घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि दुसऱ्या दिवशी यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली. 'मुंबई समाचार'ने छापलं की परदेशी पदार्थ खाल्ल्यावर असंच व्हायचं! पुढे वर्गणी काढून मुंबईत बर्फाचं कोठार बांधलं गेलं. मद्रासचं तसंच कोठार अजून उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून त्याचं नाव आता विवेकानंद इल्लम.

आणि इथे ती मघाची पाटी परत आठवते. जमशेटजींची संपत्ती मुख्यतः चीनला पाठवलेल्या माळव्याच्या अफूतली. त्याच काळात बॉस्टनचा थॉमस पर्किन्स तुर्की अफू चीनमध्ये चोरून विकत होता. त्याच्या नावाने बॉस्टनजवळ अंधांची नामांकित शाळा आहे, जमशेटजींच्या नावाने जे. जे. हॉस्पिटल. माझा जन्म जे. जे.मधला. नवऱ्याला म्हटलं, आता तिथल्या पाटीवर काय लिहायचं ते सांग. त्याने कोन संपेपर्यंत उत्तर दिलं नाही.

बॉस्टनच्या या श्रीमंत घराण्यांना 'बॉस्टन ब्राह्मण' म्हणतात. १८६० मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने तो शब्द रूढ केला. बर्फ, मासे, अफू विकून ब्राह्मण होता येतं हे आपल्याकडे कोणाला पटलं नसतं.

या सगळ्यात बॉस्टनचं बंदर स्वतःच गोठलं की काय व्हायचं? १८४४ च्या फेब्रुवारीत तसं झालं. कुनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' ही आगबोट अडकली. बोटी न्यूयॉर्कला हलवतील या भीतीने व्यापाऱ्यांनी पैसे काढले आणि बर्फवाल्यांना बोलावलं. त्यांनी तळ्यावरची तीच हत्यारं आणून काही मैल लांबीची वाट कापून बोट समुद्रात सोडली. बघायला गावभर लोक बर्फावर जमले होते.

१८५० च्या दशकात बॉस्टनहून वर्षाला लाखाहून जास्त टन बर्फ जाऊ लागला. थोरोच्या वॉल्डन तळ्यावरही १८४६-४७ च्या थंडीत बर्फ कापणारे आले. झोपडीत गीता वाचणाऱ्या थोरोला गंमत वाटली की आता मुंबई-मद्रासचे लोक माझ्या विहिरीचं पाणी पिणार. १८७० च्या दशकाअखेर हिंदुस्थानात यंत्राने बर्फ होऊ लागला आणि हा व्यापार आटला.

ट्यूडरचा बराचसा बर्फ केंब्रिजच्या फ्रेश पॉण्ड तळ्यातला. आमचं हॉटेल नदीपलीकडे केंब्रिजमध्येच होतं. रात्री परतताना बोटं सुन्न झाली होती, तरी मी स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलंच, इथे नळाला पाणी कुठून येतं. ती म्हणाली, फ्रेश पॉण्डमधून. नवऱ्याने खोलीत जाऊन दोन पेले भरले, एक मला दिला. दात कळवळले, इतकं गार होतं.